इशारा वाजल्यावर फोन कोण उचलणार?

वैद्यकीय संशोधनाचा निबंध कुठल्याही नियतकालिकात छापून येवो, त्यात एक ओळ असतेच: या अभ्यासाला संस्थेच्या एथिक्स कमिटीची मान्यता होती. एथिक्स कमिटी म्हणजे माणसांवरचं संशोधन सुरू होण्याआधी ते तपासून मान्यता देणारी समिती. वाचणारे ती ओळ ओलांडून पुढे जातात. त्या ओळीमागे काय घडतं ते मी काही वर्षं बेळगावात जवळून पाहतो आहे. मोबाइलवर चालणारं संशोधन आता आपल्या खेड्यांत पोचलं आहे, तेव्हा हे सगळं आपल्या माणसांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मी डॉक्टर नाही. शहापुरातल्या एका पतसंस्थेत क्लार्क म्हणून लागलो आणि मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. मूळ गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. बेळगावातल्या अशाच एका कमिटीवर माझी नेमणूक सामान्य माणसाच्या जागेवर झाली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, हिची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांप्रमाणे अशा कमिटीत ७ ते १५ सदस्य असतात. डॉक्टर असतात, कायद्याचा जाणकार असतो, समाजशास्त्राचा अभ्यासक असतो, आणि एक जण तरी असा लागतो की ज्याचा वैद्यकीय पेशाशी संबंध नाही, पण इथली भाषा, रीतभात आणि माणसं ज्याला ठाऊक आहेत. अध्यक्ष संस्थेबाहेरचेच लागतात. किमान पाच सदस्य हजर असल्याशिवाय निर्णय घेता येत नाही, आणि त्या पाचांत सगळे डॉक्टरच असून चालत नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांना खेड्यातला पेशंट नीट कळला होता असं मी समजतो.

सुरुवातीला प्रशिक्षण झालं, मग गोपनीयतेच्या करारावर सही झाली. म्हणून इथे कुठल्याही प्रस्तावाचं किंवा संशोधकाचं नाव येणार नाही. मीटिंगमध्ये पाहिलेल्या वेगवेगळ्या प्रस्तावांतल्या गोष्टी मी एकत्र करून सांगतो आहे.

मीटिंगच्या आधी फाइल घरी येते. आत अभ्यासाचा पूर्ण आराखडा, प्रश्नावली, खर्चाचा अंदाज, संशोधकांची माहिती, आणि सहभागी होणाऱ्यांना द्यायचं माहितीपत्रक व संमतीपत्र इंग्रजी, कन्नड आणि मराठीत. बाकीचे सदस्य आराखड्यापासून सुरुवात करतात. मी आधी मराठी माहितीपत्रक काढतो आणि मोठ्याने वाचतो. बायको स्वयंपाकघरातून ऐकत असते. तिला जिथे कळलं नाही तिथे पेन्सिलीने खूण करतो.

सहीबद्दल मी इतका जागा असतो याला कारण आहे. पतसंस्थेत जामीनदारांच्या सह्या घेण्यात माझी हयात गेली. भावकीतला आहे म्हणून, शेजारी आहे म्हणून, नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून माणूस सही करतो. कर्ज थकून नोटीस घरी आली की विचारतो, मी कुठं काय घेतलं होतं? संशोधनातली सही अगदी तशीच होऊ शकते. समोर डॉक्टर बसलेले असतात, शेजारी गावची आशाताई उभी असते, तिच्याच हातून नातवाला पोलिओचे थेंब मिळालेले असतात. तिला नाही कसं म्हणायचं? नियम सांगतो की ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याचा अंगठा घेताना एक तटस्थ साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा. संशोधनाशी ज्याचा काही संबंध नाही असा. आणि मधेच बाहेर पडलं तरी नेहमीच्या उपचारात काही कमी होणार नाही, हे सांगितलंच पाहिजे. हे वाक्य पत्रकाच्या तळाला बारीक अक्षरात असेल तर ते वर आणा, असा माझा आग्रह असतो आणि तो आता कमिटीत सगळ्यांना पाठ झाला आहे.

कमिटीवर आल्यावर मी छापून आलेलं संशोधन वाचायला लागलो. माझी सून फार्मसी शिकलेली आहे. तिने मदत केली नसती तर आकड्यांपाशीच अडलो असतो. वाचता वाचता कळलं की जगभर ज्याचे दाखले दिले जातात असं काम आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेलं आहे.

पहिला निबंध मिसोप्रोस्टॉलचा. बाळंतपणानंतर होणाऱ्या रक्तस्रावाने बायका दगावतात, आणि त्यावर द्यायचं नेहमीचं इंजेक्शन थंड जागी ठेवावं लागतं, द्यायला शिकलेला हात लागतो. मिसोप्रोस्टॉलची गोळी साध्या डब्यात राहते. तिने काम भागतं का, हे पाहायला २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यात १६२० बाळंतिणींवर अभ्यास झाला. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, करणाऱ्या गावच्या एएनएम सिस्टर, म्हणजे उपकेंद्राच्या आरोग्यसेविका. निम्म्या बायकांना औषधाची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली मिळाली हे सिस्टरलाही माहीत नाही. रक्त मोजायला खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी बाळंतिणीखाली अंथरायची; ती पिशवीसुद्धा इथल्याच संशोधकांच्या सहभागातून तयार झाली. बिनऔषधाच्या गटात १२ टक्के बायकांना जास्त रक्तस्राव झाला, गोळी घेतलेल्यांत ६.४ टक्के. म्हणजे साधारण १८ जणींना गोळी दिली की एकीचं संकट टळलं. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे कोडकणी आणि गौडर यांचं अमेरिकेतल्या डरमन यांच्यासोबतचं हे काम २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात आलं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

वाचून अभिमान वाटला, आणि एक प्रश्नही पडला. बिनऔषधाची गोळी ज्यांना मिळाली त्या बायकांचं काय? सुनेने समजावलं की त्या काळी तिथल्या घरच्या बाळंतपणात रक्तस्राव टाळायला कुठलंच औषध दिलं जात नव्हतं, म्हणून कुणाचं चालू औषध काढून घेतलेलं नाही. मला ते पटलं. तरीही अशा अभ्यासात संमतीपत्र समजावून सांगणाऱ्या माणसावर केवढा भार असेल, हे त्या दिवशी जाणवलं.

दुसरा निबंध मोबाइलचा आहे, आणि माझं म्हणणं त्याच्याशी जास्त जोडलेलं आहे.

गर्भारपणात बीपी वाढतं, लघवीतून प्रोटीन जातं, झटके येतात, आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका होतो. हे घरच्या घरी लवकर ओळखता आलं तर? बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांतल्या १२ प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भागांत २०१४ ते २०१६ या काळात क्लिप नावाचा अभ्यास झाला. कुठल्या केंद्रात नवी पद्धत आणि कुठे नेहमीची, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. नव्या पद्धतीच्या गावांत आशा आणि सिस्टर गर्भवतीच्या घरी जायच्या, बीपी मोजायच्या आणि ‘पियर्स ऑन द मूव्ह’ या ॲपमध्ये माहिती भरायच्या. कितवा आठवडा, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, दम लागतो का, रक्त जातं का. ॲप धोका किती ते सांगायचं आणि पुढची पायरीही सांगायचं: बीपी फार वर असेल तर मिथाइलडोपाची गोळी, झटक्यांची भीती असेल तर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन, आणि किती वेळात मोठ्या दवाखान्यात पाठवायचं ते.

२०२० मध्ये निकाल छापून आला. नव्या पद्धतीच्या गावांत आई आणि बाळ यांचे मृत्यू आणि गंभीर त्रास एकंदरीत कमी झाले नव्हते. पाकिस्तान आणि मोझांबिकमधल्या अशाच अभ्यासांचे आकडे मिळवून त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये एकत्र मांडणी आली, तिथेही एकंदर फरक दिसला नाही. पण त्यात एक गोष्ट होती. ज्या बायकांच्या आठ किंवा जास्त भेटी झाल्या होत्या, त्यांच्यात पोटात बाळ दगावण्याचं प्रमाण, एकही भेट न झालेल्या बायकांपेक्षा कमी होतं.

मी आनंदाने सुनेला म्हणालो, म्हणजे भेटी वाढवल्या की झालं! ती म्हणाली, ‘बाबा, थांबा. जिचं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालं तिच्या आठ भेटी होणारच कशा? या दोन गटांतल्या बायका मुळात सारख्या नाहीत. चिठ्ठीवर ठरवलेल्या तुलनेइतका हा पुरावा पक्का नाही.’ संशोधन कसं वाचावं याचा इतका चांगला धडा मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाला नव्हता.

एवढं काम करून फरक पडला नाही असं छापायला धैर्य लागतं. माझ्या दृष्टीने हाच निबंध आपल्या जिल्ह्यासाठी जास्त मोलाचा आहे. फोनमधलं ॲप बरोबर असतं, सिस्टरचं शिक्षण झालेलं असतं, औषध पिशवीत असतं. पण सगळ्या गर्भवतींपर्यंत वेळेवर आणि पुन्हा पुन्हा पोचणं हे माणसाचं काम आहे, आणि मोठ्या दवाखान्यात पोचल्यावर तिथे काय होतं हे तर ॲपच्या हातातच नाही. गोकाकचा भाग क्रेडल-३ नावाच्या दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातही होता. त्यात बीपीचं यंत्रच हिरवा, पिवळा, लाल दिवा दाखवायचं. २०१९ मध्ये आलेल्या त्याच्या निकालातही ठाम फरक दाखवता आला नव्हता. लाल दिवा लागला, पुढे काय? हा प्रश्न मी तिथून उचलला आणि कमिटीत नेला.

बीपी आणि शुगरच्या पेशंटांना फोनवरून गोळीची आठवण करायची, घरी मोजलेलं बीपी ॲपमध्ये भरायचं, आकडा धोक्याच्या वर गेला की इशारा पाठवायचा, अशा धाटणीचे प्रस्ताव आता वरचेवर येतात. संशोधक बहुतेक तरुण असतात, तळमळीचे असतात. अशाच एका तरुण डॉक्टरांना मी विचारलं, ‘इशारा कुणाच्या फोनवर जाणार?’

‘आमच्या टीमच्या फोनवर, सर.’

‘रात्री अकराला गेला तर?’

ते गप्प झाले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, ‘सकाळी नऊला बघितला जाईल.’

‘हे पत्रकात लिहिलंय का? बाईला वाटेल की यंत्राने बघितलं म्हणजे डॉक्टरांनी बघितलं. ती घरीच पडून राहील. हे यंत्र नसतं तर कदाचित तिने रात्रीच गाडी काढायला लावली असती.’

त्यावर बराच वेळ चर्चा झाली. कायद्याच्या मॅडमनी जबाबदारीचा मुद्दा काढला, औषधशास्त्राच्या सरांनी किती आकड्याला इशारा द्यायचा तो बदलायला सांगितला. शेवटी ठरलं की पत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक लिहायचं: हे यंत्र चोवीस तास कुणी बघत नाही, छातीत दुखलं, अंग लुळं पडलं, बोलणं अडखळलं तर इशाऱ्याची वाट न बघता १०८ ला फोन करा. प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत गेला. त्या डॉक्टरांना वाईट वाटलं असेल, पण पुढच्या मीटिंगला ते जी दुरुस्ती घेऊन आले ती आम्ही सुचवली होती त्याहून चांगली होती: इशारा आला की त्याच गावच्या आशाताईलाही कळवायचं, आणि त्या कामाचे तिला वेगळे पैसे द्यायचे.

मान्यता दिली की कमिटीचं काम संपत नाही. चालू अभ्यासाच्या जागी जाऊन पाहण्याचा अधिकार आम्हाला असतो. पावसाळ्यात, भाताची रोपलावणी चालू असताना, सदस्य-सचिवांबरोबर मी खानापूरच्या पश्चिमेकडच्या एका गावात गेलो. दुपारी गावात म्हाताऱ्यांशिवाय कुणी नव्हतं, सगळे शेतात. एका घरात सत्तरीच्या आजी भेटल्या. संशोधनाच्या यादीत त्यांचं नाव होतं, पुढे मोबाइल नंबर होता, आणि आठवणीचे फोन ‘यशस्वी’ असल्याची नोंद होती.

आशाताईने विचारलं, ‘आज्जे, गोळीचा फोन येतोय न्हवं?’

‘मला कुठला फोन बाय! त्यो नंबर पोराचा हाय. पोरगं गोव्याला कामाला. गणपतीला येतंय.’

म्हणजे बीपीच्या गोळीची आठवण रोज सकाळी गोव्यातल्या एका कामगाराला होत होती, आणि तो फोन उचलत होता म्हणून कागदावर सगळं नीट होतं. आजींची गोळी मात्र चुकत नव्हती, कारण आशाताई पाणी भरायला जाताना रोज आवाज देत होती. अभ्यास तसाच संपला असता तर श्रेय फोनला गेलं असतं.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे एका घरात एक चांगला फोन असतो आणि तो बहुधा बाप्याच्या नाहीतर शिकणाऱ्या पोराच्या हातात असतो. बीपीच्या गोळीपुरतं हे चालून जाईल. पण नव्या सुनेला दिवस गेलेत, कुणाला टीबी आहे, कुणाची एचआयव्हीची तपासणी झाली आहे, असा संदेश भलत्याच हातात पडला तर त्या घरात काय होईल, हे शहरात बसून ॲप बनवणाऱ्याला सुचणार नाही. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी विचारतो: नंबर कुणाचा, संदेश कोण वाचणार, आणि संदेशात आजाराचं नाव आहे का? नंबर पेशंटचा नसेल तर संदेशात आजाराचं नाव घालायचं नाही, हे आमच्याकडे आता ठरून गेलं आहे.

त्या गावात आणखी एक कळलं. आठवणीचा आवाज कन्नडमध्ये रेकॉर्ड केलेला होता. मराठी पत्रक दिलेलं, सही मराठी कागदावर, आणि फोन मात्र कन्नडमध्ये. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. केंद्रावर नाव नोंदवताना भाषेचा रकाना कुणी भरलाच नव्हता. निपाणीकडे, खानापुराकडे घरात मराठी आणि ऑफिसात कन्नड हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. बाजारात सगळे दोन्ही भाषांत बोलतात. पण आजारी माणसाला, त्यातही म्हाताऱ्या माणसाला, औषधाचं सांगणं घरच्या भाषेतच सांगायला हवं. मीटिंगमध्ये हे मांडल्यावर सगळ्यात आधी पाठिंबा दिला तो आमच्या कन्नड भाषक समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी. ते म्हणाले, उलट बाजूने महाराष्ट्रातल्या गावांत कन्नड बोलणाऱ्या पेशंटांचंही हेच होत असणार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळण्याचा पर्याय आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही त्या यादीत आहेत. संशोधनासाठी त्या कायद्यात काही सूट ठेवलेली आहे, हे कायद्याच्या मॅडमनी लगेच लक्षात आणून दिलं. म्हणून आम्ही कायद्यावर विसंबून राहिलो नाही. नाव नोंदवतानाच भाषा विचारायची आणि ती विचारल्याशिवाय फॉर्म पुढे सरकता कामा नये, अशी अट कमिटीने घातली.

जे वाचक स्वतः किंवा ज्यांच्या घरचं कुणी अशा अभ्यासात आहे त्यांच्यासाठी थोडं. माहितीपत्रकाची एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी. दिली नसेल तर मागून घ्या. त्यावर संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीचा असे दोन्ही संपर्क असतात. औषध किंवा उपचाराची चाचणी असेल तर ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात नोंदलेली असते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. घरी जाऊन विचार करून सांगतो, असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. चांगला संशोधक त्याने रागावत नाही.

एका गोष्टीसाठी मी अजून झगडतो आहे. अभ्यास संपतो, निबंध इंग्रजीत छापून येतो, त्याचे दाखले लंडन-न्यूयॉर्कमध्ये दिले जातात. ज्या बायकांनी दारात आलेल्या सिस्टरला बीपी मोजू दिलं, त्यांना निकाल कुणी सांगत नाही. फरक पडला नाही असा निकाल असेल तर तो सांगायला कुणी जातच नाही. म्हणून अंतिम अहवालासोबत मराठी आणि कन्नडमध्ये एक पानी गोषवारा जोडावा आणि तो गावातल्या आरोग्य आणि पोषण दिनाला आशाताईने वाचून दाखवावा, असा ठराव मी मांडला आहे. काही सदस्यांना वाटतं की यात गैरसमजाची भीती आहे, अर्धवट कळून लोक औषध सोडतील. भीती खोटी नाही. म्हणून गोषवाऱ्याचा मसुदा आधी गावातल्या चार जणांना वाचून दाखवायचा आणि त्यांना काय कळलं ते लिहून आणायचं, असं ठरलं आहे. गोव्याच्या त्या नंबरऐवजी आता आशाताईमार्फत चालणारा तो अभ्यास संपत आला आहे. त्याच्या डॉक्टरांनी पहिला मसुदा माझ्याकडे पाठवला आहे, आणि या आठवड्यात तो घेऊन मी खानापूरला जातो आहे.